गोळी सुरू झाली की वजनकाटा काढा: सायकोसिसच्या पेशंटचं वजन, शुगर आणि आपलं नर्सिंग

हे लिहितेय उपकेंद्रावरच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि एएनएम सिस्टरसाठी, आशाताईंसाठी, आणि ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराच्या ओपीडीला बसणाऱ्या स्टाफसाठी. घरच्यांनी वाचलं तरी समजेल असंच लिहितेय. सायकोसिस म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय पक्के वाटणं असा गंभीर मानसिक आजार.

आपल्याकडे काय होतं बघा. पोराला आवाज ऐकू यायचे, रात्र-रात्र झोप नाही, जेवण सोडलेलं, शेवटी कसंतरी दवाखान्यात आणलं, ओलान्झापिन ही सायकोसिसची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात तो शांत झाला, जेवायला लागला, गालावर मांस आलं. आई म्हणते, "पह्यले हाडाचा सापळा होता बाई, आता कशी तब्येत सुधरली!" आपणही हसून मान हलवतो आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. आणि नेमकं याच महिन्यात आपण काहीतरी करायला हवं असतं, कारण या गोळ्यांनी वजन सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या काही आठवड्यांत, त्यातही पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरण्या पोरापोरींत. नंतर ते उतरवणं फार जड जातं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं बाकीच्यांपेक्षा साधारण १० ते २० वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात आत्महत्येपेक्षा हृदयरोग, डायबेटिस, श्वसनाचे आजार यांनी जाणारे जास्त असतात. म्हणजे डोक्याचा आजार आपण आटोक्यात आणायचा आणि माणूस पन्नाशीच्या आत हार्टने जायचा, हे मला मान्य नाही.

हे टाळता येतं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बोंडाय भागात पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या तरुणांसोबत नर्स, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणारे यांनी गोळी सुरू झाल्यापासूनच काम केलं, तर १२ आठवड्यांत त्या गटाचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं, आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांचं ७.८ किलो. आपल्याकडे तेवढा स्टाफ नाही, जिम तर नाहीच. पण वजनकाटा आहे, टेप आहे, ग्लुकोमीटर आहे आणि घरोघर जाणारी आशाताई आहे, हे थोडं नाही.

पायरी १: पहिल्या दिवसाची नोंद

गोळी सुरू होण्याआधी, नाहीतर निदान त्याच आठवड्यात, एवढं लिहून ठेवा: वजन, उंची, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर, जमलं तर लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी). घरात कोणाला शुगर आहे का, कोणी कमी वयात हार्टने गेलं का. बिडी, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), दारू. दिवसातून चहा किती वेळा. आणि गोळ्यांची नावं चिठ्ठीवरून जशीच्या तशी, कारण "रात्रीची पिवळी गोळी" यावरून सहा महिन्यांनी काहीच कळत नाही.

गोळीगोळीत फरक असतो. वजनाला सगळ्यात वाईट क्लोझापिन आणि ओलान्झापिन. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन मधल्या. अ‍ॅरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल यांनी त्या मानाने कमी वाढतं, पण वाढणारच नाही असं कोणत्याच गोळीबद्दल धरून चालू नका. सोबत व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवायची गोळी) असेल तर त्यानेही वाढतं.

वजन घेताना काटा फरशीवर ठेवा, सारवलेल्या उंचसखल जमिनीवर डिजिटल काटा काहीही दाखवतो. चप्पल काढायची, खिशातला मोबाइल, खर्र्याची पुडी बाहेर, आणि दरवेळी तोच काटा. महिन्यातून एकदा सीलबंद पाच-दहा किलोचा कट्टा ठेवून काटा बरोबर दाखवतो का बघा, दोन किलोचा फरक पेशंटचा की काट्याचा हे कळलं पाहिजे ना.

कंबर मोजायची जागा चुकते, कारण आपण पँटच्या किंवा नाडीच्या रेषेवर टेप लावतो. शेवटची बरगडी बोटाने चाचपा, कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपा, दोन्हीच्या मधोमध टेप, अंगाला लागून पण आवळून नाही, श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. साडी असेल तर निऱ्या थोड्या खाली सरकवाव्या लागतात, म्हणून बाईचं माप आडोशालाच घ्या. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठी धोक्याची रेघ आहे, सीबॅक फॉर्ममध्येही (आशाताई शुगर-बीपीचा धोका बघायला भरतात तो) हीच धरलीय.

आता महत्त्वाचं. ज्याला संशयाचा आजार आहे त्याच्या कमरेला मागून टेप गुंडाळायला गेलात तर तो घाबरणार, कधी ढकलूनही देईल, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. समोर उभं राहा. टेप आधी त्याच्या हातात द्या, बघू द्या. "दादा, हे शिंप्याचं माप आहे तसंच आहे, मी कमरेभोवती धरते, तुम्ही म्हणाल तेव्हा सोडते" असं सांगा. नको म्हणाला तर आज फक्त वजन, टेप पुढच्या वेळी. रक्ताचंही तसंच, "माझं रक्त काढून कुठं पाठवता" हा प्रश्न येतोच, तेव्हा बोटाची टोच आधी, आणि आकडा त्यालाच मीटरवर वाचायला लावायचा. आणि वजनाचा आकडा व्हरांड्यात मोठ्याने ओरडून सांगू नका, गावात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतो.

पायरी २: पहिले सहा आठवडे, दर आठवड्याला वजन

ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शनात हेच आहे: पहिले ६ आठवडे दर आठवड्याला वजन, मग १२ व्या आठवड्याला, मग वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. मी तर म्हणेन पहिल्या वर्षात निदान महिन्याला एकदा घ्याच. बीपी, शुगर आणि लिपिड पुन्हा १२ व्या आठवड्याला, नंतर वर्षाला, आणि काही वाकडं दिसलं तर लवकर.

अडचण कुठे येते सांगते. गोळ्या न्यायला बाप येतो, पेशंट घरीच असतो. तालुक्याला यायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय गर्दीत तो बिथरेल ही भीती, त्यामुळे कार्डावर दर महिन्याला "औषध दिले" असा शिक्का पडतो आणि माणूस वर्षभर कोणी बघितलेला नसतो. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांचं वजन घरी जाऊन आशाताईने घ्यावं, मोठ्या माणसाचा काटा सोबत नेऊन. सिस्टरने तिला फक्त दोन गोष्टी सांगायच्या, कोणत्या घरी जायचं आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा. डेपो (काही आठवडे पुरणाऱ्या) इंजेक्शनवाले पेशंट तर स्वतः येतातच, इंजेक्शनआधी काट्यावर उभं करायची सवयच लावून घ्या.

दुसरी अडचण वयाची. आपली एनसीडीची (शुगर, बीपी अशा असंसर्गजन्य आजारांची) तपासणी तिशीच्या पुढच्यांची आणि सायकोसिस सुरू होतो विशी-पंचविशीत. बावीस वर्षांचा पोरगा ओलान्झापिनवर आहे पण सीबॅकमध्ये नाही, त्याची शुगर कोणी बघतच नाही, कारण तो कोणाच्याच यादीत बसत नाही. तुमच्या उपकेंद्राच्या गावांतले असे सगळे पेशंट एका वेगळ्या वहीत घ्या, वय काहीही असो. वहीच्या एका पानावर एक माणूस: तारीख, वजन, कंबर, बीपी, शुगर, गोळी, आणि शेवटच्या रकान्यात आपण काय केलं ते. तो शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीच्या आकड्यांचा काही उपयोग नाही.

पायरी ३: कोणत्या आकड्याला हालायचं

पहिल्या महिन्यात मूळ वजनाच्या ५ टक्के वाढलं की थांबू नका, डॉक्टरला कळवा. हिशोब सोपा आहे, ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो, ६० किलोच्या माणसाचे तीन. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंची असेल तर ६३ किलोच्या आसपास पहिली घंटा आणि ६८ ला दुसरी.

पण आपल्या भागात एक गोष्ट विसरू नका, इथे पेशंट येतो तेव्हाच पुष्कळदा तो सुकलेला असतो. त्याच उंचीला ५० किलोच्या खाली म्हणजे कमी वजन. असा ४४ किलोचा माणूस ५० वर आला तर आईचं म्हणणं खरंच आहे, तब्येत सुधारली, त्याला उगाच भाकर कमी कर सांगू नका. फक्त वजन कुठे चढतंय ते बघा, हातपाय तसेच काटकुळे आणि पोट तेवढं सुटतंय असं असेल तर काळजी आहे, आणि हे टेपनेच कळतं.

उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ म्हणजे डायबेटिसच्या वाटेवर, १२६ च्या वर आली तर लॅबमधून पुन्हा करून पक्कं करायचं. बीपी १३० बाय ८५ च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० आणि बाईत ५० च्या खाली, कंबर वाढलेली, उपाशी शुगर १०० च्या वर, या पाचातल्या कोणत्याही तीन गोष्टी असल्या की तो मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे हार्ट आणि डायबेटिसचा धोका वाढलेला.

एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, तिच्याबद्दल विदर्भात जास्तच जपायला हवं. आपल्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) भरपूर आहे, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तर घरटी चौकशी करावी लागते. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीएवनसी खोटाच कमी येतो, आणि नुसते वाहक असले तरी काही मशीनवर गडबड होते. सिकलसेलचं कार्ड कोणतं आहे, रुग्णाचं की वाहकाचं, हे विचारा, आणि तिथे उपाशी शुगर आणि जेवणानंतरची शुगर यावरच विश्वास ठेवा.

आणि हे थांबण्यासारखं नाही: खूप तहान, सारखी लघवी, मग उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, सुस्ती. क्लोझापिन आणि ओलान्झापिनमध्ये शुगर कधी कधी एकदम चढते, वजन फारसं वाढलेलं नसतानाही. वेळ घालवू नका, शुगर बघा, १०८ बोलवा.

डॉक्टरला फोन करताना नुसतं "वजन वाढलंय" म्हणू नका. "ओलान्झापिन दहा मिलिग्रॅम, पाच आठवडे झाले, ५२ चे ५६ झाले, उपाशी शुगर १०४" असं सांगितलं की डॉक्टरला निर्णय घेता येतो. गोळी बदलायची, डोस बघायचा, की मेटफॉर्मिन सुरू करायची, ते डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन शुगर नसलेल्यालाही वजन रोखायला देतात, म्हणून घरच्यांना आधीच सांगा की "शुगरची गोळी दिली म्हणजे शुगर झाली असं नाही". जेवणासोबत घ्यायची, सुरुवातीला पोट बिघडतं पण बसतं, आणि लांब चालली तर बी-१२ कडे लक्ष ठेवायचं.

मनाने गोळी बंद करायची नाही. आपणही नाही, घरच्यांनीही नाही. पण पेशंट "हे गोळी मले जाडा करून राह्यली" म्हणाला तर ते खोडू नका. तो खरं बोलतोय. "हो, ही या गोळीनेच वाढलेली भूक आहे, डॉक्टरला सांगून मार्ग काढू, तोवर बंद करू नका" असं म्हटलं तर तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. खोडून काढलं तर तो गप्प बसतो आणि गोळी गुपचूप फेकून देतो, आणि दोन महिन्यांनी सगळं परत सुरू.

पायरी ४: ताटाचं बोलणं

सगळ्यात आधी घरच्यांना समजवा की ही भूक हावरेपणाची नाही. गोळी मेंदूतल्या भुकेच्या आणि पोट भरल्याच्या खुणांवरच काम करते, त्यामुळे चार भाकरी खाऊनही पोट भरल्यासारखं वाटत नाही. "किती खातो रे" असं ताटावर बोलल्याने भूक कमी होत नाही, माणूस फक्त लपून खायला लागतो.

डाएट चार्ट देऊ नका. ओट्स, सॅलड, ऑलिव्ह ऑइल लिहिलेला कागद आपल्या गावात चुलीत जातो. घरात जे शिजतं त्यावर बोला. मी पहिला हात घालते चहाला. पाच वेळा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे, चाळीस-पन्नास ग्रॅम, आणि त्यातून पोषण शून्य. पाचाचे तीन करा, दोन चमच्यांचा एक करा, हे घरच्यांना जमतं कारण साखरेचे पैसेही वाचतात. मग बाटल्या. ट्रायहेक्सिफेनिडिल म्हणजे पॅसिटेन (हातपाय कडक होऊ नयेत म्हणून देतात ती) चालू असेल तर तोंड कोरडं पडतं, मग तो टपरीवर जाऊन कोल्ड्रिंक पितो, आणि पाव लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर साखर असते. घरात माठाचं पाणी, पातळ ताक, तोंडात लवंग नाहीतर बडीशेप, याने कोरड कमी होते.

पश्चिमेकडे, अकोला-अमरावती-यवतमाळला ज्वारीची भाकर आहे, चांगलं आहे, ती सोडून पोळीवर जाऊ नका. पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीला भातच मुख्य, शिवाय रेशनचा तांदूळ, तिथे भात बंद करा म्हणणं म्हणजे उपाशी राहा म्हणणं. तिथे सांगा की आधी वाटीभर घट्ट वरण आणि भाजी खा, मग भात, आणि दुसऱ्यांदा वाढायच्या आधी पंधरा मिनिटं थांबा. तूर, चणा, बरबटी, लाल भाजी, अंबाडी, शेवगा, जवसाची चटणी, हे सगळं स्वस्त आणि बांधावरचं आहे. सकाळच्या तर्री-पोह्याची आणि आलूबोंड्याची सवय रोजची असेल तर आठवड्यातून एकदोनदा करायला सांगा, पूर्ण तोडायला सांगू नका, चौकात बसून चार माणसांत नाश्ता करणं हेही त्याच्या बरं होण्याचाच भाग आहे.

रात्रीचं वेगळं. रात्री गोळी घेतली की तासा-दोन तासांनी भूक खवळते आणि तो उठून डबे उघडतो. उशाशी मूठभर फुटाणे, एक काकडी किंवा मुळा झाकून ठेवा, बिस्किटाचे पुडे आणि फरसाण घरात आणूच नका. झोपेची वेळ आणि गोळीची वेळ जवळ आणता येईल का हेही डॉक्टरला विचारा.

पायरी ५: चालणं, पण उन्हाचं भान ठेवून

उठत नाही, बसून राहतो, याला घरचे आळशीपणा म्हणतात. त्यात आजाराचा भाग आहे आणि गोळीची सुस्तीही आहे. आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय ठीक आहे पण सुरुवात दहा मिनिटांची, आणि एकट्याने नाही, भावासोबत, बापासोबत. पांदण रस्त्याने शेतापर्यंत जाऊन यायचं. गावातून जाताना पोरं चिडवतात, "बह्याड" (वेडा) म्हणून मागे लागतात, म्हणून कोणत्या रस्त्याने जायला त्याला बरं वाटतं हे त्यालाच विचारा. आवाज ऐकू येणाऱ्या काहींना कानात भजन लावून चालणं सोपं जातं. गुरं नेणं, पाणी आणणं, अंगण झाडणं, तेही चालण्यातच धरा. जो दिवसभर निंदणाला, कापूस वेचायला जातो त्याला वेगळा व्यायाम सांगायची गरज नाही.

उन्हाळ्यात मात्र नियम बदलतो. चंद्रपूर, अकोला, नागपूरला पारा ४५ च्या आसपास जातो आणि या गोळ्यांनी, त्यातही सोबत पॅसिटेन असेल तर, अंगाला घाम नीट येत नाही, शरीर थंड होत नाही. एप्रिल ते पावसापर्यंत सूर्य वर येण्याआधीच चालणं उरकायचं, दुपारी शेतात पाठवायचं नाही. लिथियम या मूडच्या गोळीवर असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही तुटू द्यायचं नाही. अंग तापलं, माणूस बरळायला लागला, किंवा तापासोबत हातपाय लाकडासारखे कडक झाले तर ऊन लागलं म्हणून घरी कांदा चोळत बसू नका, अंग ओलं करत दवाखान्यात न्या आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते आधी सांगा.

पायरी ६: बिडी, खर्रा

हृदयाचा धोका खरंच कमी करायचा तर तंबाखूवर बोलावंच लागेल. "टेन्शन येते म्हणून खातो" याला लेक्चर देऊ नका, दिवसाला किती पुड्या आणि पहिली कधी, एवढं विचारा आणि पहिली पुडी तासभर पुढे ढकलता येईल का बघा. १८००-११-२३५६ या नंबरवर सोडायला मदत मिळते. एक तांत्रिक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: बिडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून बिडी एकदम सोडली की त्याच डोसने औषधाची पातळी चढते, जास्त झोप, लाळ, झटकेही येऊ शकतात. बिडी सोडायच्या आधी डॉक्टरला कळवा. खर्र्याला धूर नाही, त्यामुळे त्यात हा प्रश्न येत नाही.

क्लोझापिनवाल्यांना दर भेटीत संडास कशी होते हे विचाराच. साधी बद्धकोष्ठता वाटते पण आतडं बंद पडून माणूस दगावू शकतो. तीन दिवस झाली नाही, पोट फुगलं, उलटी झाली तर त्याच दिवशी पाठवा. ताप किंवा घसा दुखला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी, सुरुवातीच्या आठवड्यांत छातीत धडधड, दम लागला तर लगेच डॉक्टर.

बायकांना पाळीचं विचारा. रिस्पेरिडोनने पाळी थांबू शकते, कधी छातीतून दूध येतं, आणि ती लाजेने बोलत नाही, सासू मात्र दिवस गेले म्हणून बसते. गोळी बदलली किंवा मेटफॉर्मिन सुरू झाली की पाळी परत येऊन दिवस राहू शकतात, म्हणून कुटुंबनियोजनाचं बोलणं त्याच भेटीत करा. मूल होण्याच्या वयातली बाई व्हॅल्प्रोएटवर असेल तर तेही डॉक्टरच्या नजरेला आणून द्या, पोटातल्या बाळाला ती फार धोक्याची आहे.

पायरी ७: पुढे चालू ठेवणं

तपासण्या गोळ्या न्यायच्या दिवशीच ठेवा, वेगळी फेरी पाडू नका. "उद्या सकाळी काही न खाता या, गोळ्याही मिळतील आणि रक्तही होईल" असा फोन आदल्या संध्याकाळी आशाताईने करायचा. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला ठरलेल्या दिवशीच येतात, मधल्या दिवसांत ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून विचारता येतं. पेशंट किंवा घरचे रात्री-अपरात्री घाबरले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू आणि फुकट आहे, मराठीत बोलतात, तो कार्डाच्या मागे लिहून द्या.

वजन दोन किलो कमी झालं तर ते पेशंटलाच आधी सांगा, बापाला नाही. वाढलं तर त्याला रागावू नका, गेल्या भेटीत ठरवलेल्या एका गोष्टीचं काय झालं एवढंच विचारा, आणि पुढच्या वेळेसाठी पुन्हा एकच गोष्ट ठरवा. वजन अजिबात हललं नाही तरी शुगर, बीपी, तंबाखू यांवर काम चालूच राहतं.

आणि तुमची बदली झाली तर ती वही नव्या सिस्टरच्या हातात द्या, कपाटात ठेवून जाऊ नका. कोणाला टेपची भीती वाटते, कोणाच्या घरी संध्याकाळीच जायचं, कोणाची आई आकडे लिहून ठेवते, हे आकड्यांच्या शेजारी दोन ओळीत लिहून द्या.